हे

डिचोलीहून सहा पन्नासची कदंबा.
मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, धडा चौथा : रेफरन्स.
कुठलंही सर्वनाम हवेतून पडत नाही, असं त्यात म्हटलंय.
मागच्या एखाद्या ओळीत त्याचं नाम असतंच,
दाव्याच्या जनावराला खुंटा असतो तसं.

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात,
ब्रागांझा मॅडम एक इंग्रजी उतारा
कुर्ली सोलावी तसा सांध्यासांध्यातून सोडवतात.
तांबडी शाई क्रियापदांना, निळी सर्वनामांना,
मग पट्टीनं रेघा.
हा 'ही' जातो त्या म्हाताऱ्या खलाशाकडे. बरं.
आणि तिसऱ्या परिच्छेदातला हा?
वर्ग गप्प.
लुईझा म्हणते, मिस, तो वाटेत हरवला असणार.

इंग्रजीतला 'ही' म्हणजे आपला 'तो'.
पहिल्या वर्षी मला याचंच हसू यायचं.
आता मी ती दोन अक्षरं वहीत उतरवते,
एच आणि ई,
आणि मनातल्या मनात आपल्या पद्धतीनं वाचते :
हे.

हे जेवले.
हे अजून आले नाहीत.
ह्यांना हुमणात सोलं जास्त लागतात.
तीस वर्षं आई असंच बोलली.
मागच्या ओळीत कुणी नाही, पुढच्या ओळीतही नाही.
मॅडमची पट्टी आमच्या पिळगावच्या घरात आणली
तर सगळ्या निळ्या रेघा दारातून बाहेर पडतील,
खाजनाच्या बांधावरून थेट नदीवर,
जिथे खाणी बंद झाल्यावर ह्यांची बार्ज
चार पावसाळे एकाच जागी गंजत उभी होती
आणि हे रोज तिला बघायला जायचे.
मजकुराबाहेर बोट दाखवण्याला धड्यात शब्द आहे :
एक्झोफोरा.
मला तो पाठ आहे.

तिनं नाव एकदाच घेतलं होतं म्हणे,
लग्नात, उखाण्यात,
तेही यमकाचा आडोसा करून.

श्रावणात बाबा गेले.
चवथ झाल्यावर आम्ही मामलेदार कचेरीत,
वारसांचा अर्ज घेऊन. फॉर्म इंग्रजी.
कारकुनानं मान वर न करता विचारलं,
मेल्ल्या मनशाचें नांव?
आई म्हणाली, हे.
हे म्हणजे कोण, माये?
हे. आमचे हे.
आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला सांगता आलं असतं.
पेन माझ्याच हातात होतं.
पण तेवढ्या दोन क्षणांत
माझ्यातली कुणी हुशार मुलगी
कान टवकारून बसली होती :
आता काय करते बघू,
उदाहरण म्हणून छान बसेल.
त्या मुलीची लाज मला अजून वाटते.

पंखा फिरत होता. रांगेत मागे कुणी खाकरलं.
आईनं पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं,
सगुण.
मग जरा थांबून,
शेजाऱ्याचा पत्ता सांगावा तसं,
सगुण लाडू विर्नोडकर.

तीस वर्षं जे निर्गुण होतं
ते टेबलावर येऊन पडलं,
ओल्या छत्रीसारखं, ठिबकत.
कारकुनानं स्पेलिंग विचारलं.
ते मात्र मी सांगितलं, चटकन, एकेक अक्षर.

रिक्षात ती बोलली नाही.
रात्री भांडी विसळताना, नळाकडे बघत :
ह्यांना आवडलं नसतं.

असाइनमेंट सोमवारी द्यायची आहे.
बाकीच्या रेघा मारून झाल्या, पट्टी पुसून ठेवली.
तिसऱ्या परिच्छेदातला तो
तसाच सुटा सोडलाय, दाव्याशिवाय.
मॅडम दोन मार्क कापतील.
कापू देत.